जमीन झाडा, दहा टन येताहेत!

पेट्रोल पंपावर गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा भरतात. वर्कशॉपच्या भाषेत ‘दोन किलो प्रेशर’, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंचा जोर. आता दहा टनांचं एखादं मशीन डोळ्यांसमोर आणा. दहा हजार किलोंना दोनने भागा, उत्तर येतं पाच हजार चौरस सेंटिमीटर. ४० सेंटिमीटर व्यासाची चार वर्तुळं काढली की एवढं क्षेत्रफळ भरून निघतं. याचा अर्थ असा, की मशीनच्या चार कोपऱ्यांखाली तेवढ्या आकाराचे चार पॅड सरकवले आणि त्यांच्याखाली टायरमध्ये असते तितक्याच दाबाची हवा कोंडली, तर दहा टन जमिनीवरून सुटतात.

एकदा सुटले, की पुढचं काम एक माणूस करू शकतो. सपाट, गुळगुळीत जमिनीवर हवेवर तरंगणारं ओझं ढकलायला दर हजार किलोंमागे एक ते पाच किलोंचा जोर पुरतो. आपल्या दहा टनांना समजा वीस किलो लागले. तेवढा जोर तर कुठलाही धडधाकट माणूस दोन हातांनी लावतो.

या पॅडना एअर स्केट किंवा एअर कॅस्टर म्हणतात. कारखान्याच्या आत अवजड यंत्रं हलवण्याची इतकी देखणी युक्ती दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. पहार, रोलर, चेनकप्पी, जॅक, हायड्रा या सगळ्यांचा मान राखूनच हे म्हणतोय.

गळते म्हणून चालते

स्केटची रचना पाहिली तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. वर धातूची एक सपाट प्लेट. तिच्याखाली रबरासारख्या चिवट, लवचीक कापडाची कंकणाकृती पिशवी. बाजूला होजपाइप जोडायला तोंड. कॉम्प्रेसरची हवा सोडली की आधी पिशवी फुगते आणि ओझं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर उचललं जातं. मग कंकणाच्या मधल्या पोकळीत हवा साठत जाते. तिथला दाब पुरेसा वाढला की हवेला बाहेर पडायला एकच वाट उरते, पिशवी आणि जमीन यांच्यामधली. त्या फटीतून ती चहूबाजूंनी सतत झिरपत राहते.

ही झिरपणारी हवाच सगळं काम करते. तिचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाच्या जाडीचा. तेवढ्या थरावर अख्खं मशीन तरंगतं आणि रबर जमिनीला टेकतच नाही. इतर बहुतेक यंत्रांत हवेची गळती हा दोष असतो, शोधून बुजवायचा असतो. इथे गळती थांबली तर मशीन जागचं हलणार नाही.

हेच विज्ञान आपल्या जेवणाच्या टेबलावरही दिसतं. धुतलेल्या, ओलसर काचेवर किंवा सनमायकावर गरम आमटीची स्टीलची वाटी ठेवली की ती कधीकधी आपोआप सरकू लागते. वाटीच्या बुडाला कडा असते. कडेच्या आत अडकलेली हवा तापते, फुगते, वाटीला किंचित उचलते, आणि पाण्याचा थर तिला बाहेर निसटू देत नाही. फरक एवढाच की वाटीतली हवा थोड्या वेळात संपते, आणि स्केटला कॉम्प्रेसर ती पुरवत राहतो.

खरा मालक जमीन

आता मुद्द्याचं बोलतो. एअर स्केट विकत किंवा भाड्याने मिळतात, कॉम्प्रेसर मिळतो, माणसं मिळतात. काम होणार की फसणार, हे मात्र जमीन ठरवते.

चांगला घोटलेला, सीलर मारलेला किंवा इपॉक्सीचा थर दिलेला कोबा असेल तर स्केट खूश. कोबा सच्छिद्र असेल तर हवा खाली जमिनीत मुरते. फरशांचे सांधे उघडे असतील तर तिथून पळते. एक्स्पान्शन जॉइंटवर पोचल्यावर तर पोकळीतली हवा भसकन निघून जाते आणि तो कोपरा खाली बसतो. जाळी, चेंबरचं झाकण, जुन्या मशीनच्या पाया-बोल्टची भोकं या सगळ्यांचं तेच.

उपाय साधा आहे. वाटेवर गॅल्व्हनाइज्ड पत्रे किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या शीट अंथरायच्या, सांध्यांवर चिकटपट्टी मारायची. वाट लांब असेल तर मागचे पत्रे उचलून पुढे टाकत जायचं. बारीक भेगांवर नुसत्या टेपनेही भागतं. पण पत्र्याची कड वर आलेली नको, नाहीतर ती पिशवीत घुसते.

त्याआधी झाडलोट. लेथखाली सांडलेली लोखंडाची बर, वेल्डिंगचे दाणे, एखादा सुटा नट ही पिशवीची शत्रुसेना. केसाएवढ्या थरावर तरंगणाऱ्या वस्तूच्या दृष्टीने वाळूचा कण हा धोंडाच असतो. म्हणून या कामातला जाणता माणूस आधी वाट झाडून, पुसून, स्वतः चालून बघतो आणि मगच होजपाइप जोडायला सांगतो.

आणि सगळ्यात फसवा असतो तो ढाळ. पाणी वाहून जावं म्हणून शंभराला एक असा ढाळ देणं गवंड्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण हवेवरच्या दहा टनांना तो लगेच कळतो. शंभराला एक ढाळावर उताराच्या दिशेने ओढणारा जोर होतो थेट शंभर किलो. ढकलायला वीस किलो पुरतात आणि उतार शंभर किलोंनी खेचतोय! मशीन आपलं ऐकणार की उताराचं? पाचशेला एक एवढ्या नगण्य ढाळावरसुद्धा उतार आणि ढकलणारा माणूस यांची ताकद बरोबरीची होते. त्यामुळे वाटेवर आधी लेव्हल लावून पाहतात आणि ढाळ असलाच तर मागून दोर किंवा विंच बांधून मशीन धरून ठेवतात.

जमिनीची एवढी मिनतवारी केल्यावर जमिनीलाही त्याचं फळ मिळतं. लोखंडी रोलर किंवा चाक जमिनीला एका बारीक रेषेवर टेकतं, सगळं वजन तिथे एकवटतं आणि फरशी चिरते. स्केटखालची हवा तेच वजन पसरवून टाकते. दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो, बस्स. साठ किलो वजनाची बाई टोकदार टाचेची चप्पल घालून चालते तेव्हा एका चौरस सेंटिमीटरच्या टाचेखाली तीस किलोंचा दाब पडू शकतो, म्हणजे दहा टनांच्या मशीनच्या पंधरा पट. ज्या फरशीवरून ती चालत गेली, त्याच फरशीवरून मशीनही ओरखडा न काढता जातं. मात्र खालचा स्लॅब एकूण वजन पेलतो का, हे इंजिनिअरला वेगळं विचारावंच लागतं. हवा दाब पसरवते, वजन कमी करत नाही.

चालू करणं सोपं, थांबवणं अवघड

घर्षण गेलं की सोय होते, आणि ब्रेकही जातो. दहा टनांचं मशीन सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश सरकतंय असं धरा. हात काढून घेतला तर ते नुसत्या उरल्यासुरल्या घर्षणाच्या भरवशावर सहा मीटरांहून जास्त पुढे जाईल. समोर भिंत चार मीटरवर असेल तर काय, ते सांगायला नको.

म्हणून ढकलणारे हळू ढकलतात आणि व्हॉल्व्हपाशी एक माणूस कायम उभा असतो. त्याने हवा बंद केली की पिशव्या बसतात, मशीन सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली येऊन टेकतं आणि जागीच थांबतं. होजपाइप निसटला किंवा वीज गेली तरी तेच घडतं. मला या युक्तीतला सगळ्यात आवडणारा गुण हाच. बिघाड झाला तर ती आपणहून सुरक्षित बाजूला जाते. क्रेनच्या हुकाला लटकलेल्या ओझ्याबद्दल असं म्हणता येत नाही.

व्हॉल्व्हवाल्याचं काम कौशल्याचं. मशीनचं वजन चारही कोपऱ्यांवर सारखं कधीच नसतं. मोटर एका बाजूला, कंट्रोल पॅनेल दुसऱ्या. त्यामुळे प्रत्येक स्केटला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळं गेज असतं. जड कोपऱ्याला जास्त दाब, हलक्याला कमी. हलक्या कोपऱ्याला हवा जास्त झाली तर स्केट थरथरू लागतो, थडथड नाचतो. मग व्हॉल्व्ह जरासा आवळायचा, नाच थांबतो. मुरलेला गडी गेजकडे कमी बघतो आणि कान जास्त लावतो.

नवशिक्या मालकांची एक समजूत असते, की मोठं वजन म्हणजे मोठं प्रेशर लागणार. प्रेशर बहुतेक वेळा एक ते चार किलोंत भागतं. लागतो तो हवेचा ओघ, कारण हवा सतत निसटत असते. स्प्रे पेंटिंगचा छोटा कॉम्प्रेसर गेजवर सात किलो दाखवेल, पण स्केट उघडले की मिनिटभरात धापा टाकेल. बारीक होजपाइपनेही तोच घात होतो.

आणखी एक मजा. चाकांना दिशा असते, हवेला नसते. तरंगणारं मशीन पुढे, मागे, तिरकं, आडवं कुठेही जातं आणि जागच्या जागी गर्रकन फिरतं. दोन मशीनच्या मधल्या अरुंद जागेत तिसरं बसवायचं असेल, आणि वर क्रेन नेण्याइतकी उंचीच नसेल, तर याला तोड नाही. खाली सरकवायला पाचेक सेंटिमीटरची फट मिळाली तरी लहान स्केट आत जातात.

मांजरीच्या खाण्याचा डबा आणि तरंगती मोटार

हवेचा वंगणासारखा उपयोग करता येतो, हे अमेरिकेतल्या अल्बर्ट किंग्सबरी या इंजिनिअरने १८९७ मध्ये दाखवून दिलं. सिलिंडरमध्ये फिरणारा त्यांचा सहा इंच व्यासाचा, सुमारे २३ किलोंचा दट्ट्या तेलाशिवाय, नुसत्या हवेच्या थरावर फिरत होता.

पुढची मोठी उडी स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घेतली. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी मांजरीच्या खाण्याचा रिकामा डबा कॉफीच्या डब्यात बसवला, दोन्हींच्या मधल्या फटीतून हवा सोडली आणि खाली किती जोर पडतो ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. त्यातून हॉवरक्राफ्ट जन्माला आलं. २५ जुलै १९५९ रोजी त्यांच्या एसआर-एन-१ या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडली.

त्याच वर्षी अमेरिकेत फोर्ड कंपनीने लेव्हाकार नावाची चाकं नसलेली मोटार लोकांपुढे मांडली. हवेच्या पातळ थरावर ती जमिनीलगत तरंगायची. ती रस्त्यावर कधीच आली नाही. साधा रस्ता असल्या केसाएवढ्या थराला पुरेसा गुळगुळीत नसतो, आणि कारखान्याचा घोटलेला कोबा असतो. जी हवा मोटारीला गावाबाहेर नेऊ शकली नाही, तिने पुढच्या दहा वर्षांत कारखान्यांत घर केलं. १९६० च्या दशकात जनरल मोटर्स आणि बोइंग यांच्याकडे या पॅडवर काम झालं, आणि सिएटलची एरोगो ही कंपनी १९६७ पासून हाच धंदा करते आहे.

बागेतलं गवत कापायला हॉवरक्राफ्ट? तेही झालं. स्वीडनच्या कार्ल डालमन यांनी कॉकरेल यांच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन १९६० च्या दशकात तरंगतं गवतकापणी यंत्र काढलं. फ्लायमो या नावाने ते ब्रिटनमध्ये घरोघरी पोचलं.

अख्खं मैदान आत आणा

जपानमधल्या साप्पोरो शहरात थंडी कडाक्याची, म्हणून स्टेडियमला छप्पर. फुटबॉलला हवं खरं गवत, आणि खऱ्या गवताला हवं ऊन. यावर तोडगा असा, की मैदान बाहेर उन्हात वाढवायचं आणि सामन्याआधी आत आणायचं. १२० मीटर लांब, ८५ मीटर रुंद, ८,३०० टनांचं हे मैदान खालून हवेच्या दाबाने साडेसात सेंटिमीटर उचललं जातं. हवा नऊ दशांश भार घेते, उरलेला एक दशांश चाकांवर पडतो. मग मिनिटाला जास्तीत जास्त चार मीटर या वेगाने हिरवळ आत येते. २००२ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना याच हिरवळीवर भिडले होते आणि डेव्हिड बेकहॅमच्या पेनल्टीने इंग्लंड जिंकलं होतं.

होनोलुलुच्या अलोहा स्टेडियममध्ये मैदान जागेवर राहायचं आणि प्रेक्षक हलायचे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या स्टेडियमचे प्रत्येकी सात हजार आसनांचे चार सज्जे हवेवर तरंगत जागा बदलायचे. अमेरिकन फुटबॉलसाठी एक मांडणी, बेसबॉलसाठी दुसरी. २००७ मध्ये ते कायमचे एका जागी पक्के केले.

माझं मन मात्र सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात अडकलं आहे. जमिनीखाली शंभर मीटरवर असलेल्या या शोधक यंत्राचं वजन १४,००० टन. ते आधी जमिनीवर जोडलं आणि मग पंधरा तुकड्यांत खाली उतरवलं. २८ फेब्रुवारी २००७ रोजी उतरलेला सर्वांत जड तुकडा १,९२० टनांचा होता आणि उतरवण्यासाठी खणलेल्या विहिरीच्या भिंतीपासून त्याचं अंतर होतं जेमतेम २० सेंटिमीटर. खाली पोचल्यावर एवढे अवजड तुकडे एकमेकांजवळ सरकवायला, आणि दुरुस्तीच्या वेळी पुन्हा दूर करायला, हवेचे पॅडच वापरतात. हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर करणाऱ्या दोन प्रयोगांपैकी हा एक. मुंबईच्या टीआयएफआर आणि बीएआरसी या दोन्ही संस्थांनी त्याच्या उभारणीत हातभार लावला आहे. आपल्या माणसांनी घडवलेले भागही त्या हवेवर तरंगले असतील, या विचाराने मला फार बरं वाटतं.

ट्रान्सफॉर्मर, ज्याला धक्का चालत नाही

या तंत्राचं खरं माहेर ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात आहे. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर शेकडो टनांचा होतो. आत तांब्याच्या गुंडाळ्या, त्यांच्यावर कागदी आवरणं, पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा. जोडणी, भट्टीत सुकवणं, टाकीत बसवणं, चाचणी असा त्याचा प्रवास एकाच छपराखाली चालतो, आणि वाटेत गचका बसला तर आतलं काहीतरी सरकण्याची भीती. रूळ टाकले तर शॉपची मांडणी कायमची बांधली जाते. हवेवर ठेवलं की गचका नाही, रूळ नाहीत, आणि उद्या मांडणी बदलली तरी कोबा तोच राहतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तर ट्रान्सफॉर्मर वाहून नेणाऱ्या ट्रेलरखालीच हवेची उशी बसवली होती. वाटेतले जुने पूल एवढं ओझं झेलू शकत नव्हते. पूल आला की हवा चालू करायची, वजनाचा काही भाग चाकांवरून काढून पुलाच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरवायचा आणि पलीकडे जायचं. एका ट्रान्सफॉर्मरसाठी पूल मजबूत करण्याचा खर्च वाचला.

एमआरआयचा काही टनांचा चुंबक रुग्णालयाच्या तयार झालेल्या, चकचकीत फरशीवरून खोलीपर्यंत न्यायचा असतो, तिथेही हेच स्केट कामाला येतात. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतली यंत्रं थरथर सोसत नाहीत, त्यांनाही हीच वाट. तिथे कॉम्प्रेसरची हवा तेलाचा अंश राहू नये म्हणून आधी गाळून घेतात.

पाणी, तेल आणि पिरॅमिडवाले

पातळ थरावर ओझं सरकवण्याची अक्कल जुनी आहे. इजिप्तमधल्या जेहुतीहोतेपच्या थडग्यातल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवर ओढणारी माणसं दिसतात, आणि गाडीच्या तोंडाशी उभा असलेला एक जण वाळूवर पाणी ओततोय. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की योग्य प्रमाणात ओली केलेली वाळू ओढण्याचा जोर निम्म्यावर आणते.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तर चाकांऐवजी पाण्याच्या थरावर घसरणारी रेल्वे धावली होती. आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची दोनशे इंची दुर्बीण तेलाच्या थरावर तोललेली आहे. तिचा पाचशे टनांचा हलता भाग ताऱ्यांच्या मागोमाग फिरवायला एक द्वादशांश अश्वशक्तीची मोटर पुरायची. घरातल्या मिक्सरची मोटर याहून बरीच दांडगी असते.

अवकाशवाल्यांनी वजन हलवण्यापलीकडचा उपयोग शोधला. अमेरिकेत नासाच्या मार्शल केंद्रात ४४ फूट गुणिले ८६ फुटांची कमालीची सपाट जमीन आहे. तिच्यावर हवेच्या पॅडवर यान ठेवलं की ते निदान दोन दिशांत तरी अंतराळातल्यासारखं अडथळ्याविना वाहतं. दोन यानं एकमेकांना कशी जोडायची, याचा सराव तिथे करतात.

खाटेवरून खाटेवर

कारखान्याइतकीच पाठ मोडते ती रुग्णालयात. बेशुद्ध किंवा अवजड रुग्णाला स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं म्हणजे चादरीचे चार कोपरे धरून चौघांनी ओढायचं. परिचारिका आणि वॉर्डबॉय यांना कंबरदुखी जडते ती इथेच. यासाठी हवेची गादी निघाली आहे. रुग्णाच्या खाली पातळ गादी घालायची, छोट्या ब्लोअरने फुगवायची. तळाच्या असंख्य बारीक छिद्रांतून हवा खाली सुटते आणि गादी रुग्णासकट तरंगते. मग दोघांनी हलकेच सरकवलं तरी माणूस पलीकडच्या खाटेवर पोचतो, आणि शस्त्रक्रियेची जखम ओढली जात नाही.

जमिनीवर पडलेल्या रुग्णासाठी तिची मोठी बहीण आहे. एकावर एक रचलेले हवेचे कप्पे खालपासून एकेक करून फुगवत जायचे. माणूस आडवाच राहतो, कुणालाही वाकून त्याला उचलावं लागत नाही, आणि शेवटचा कप्पा भरला की तो खाटेच्या उंचीवर आलेला असतो.